हरणांच्या सोमवारी न तपासलेलं कडं

मी एक जुनं पोलादी कडं आहे. मनगटात घालायचं नव्हे. एवढं जाड मनगट अजून कुणाला फुटलेलं नाही. माझ्या पोकळीतून दुधाची किटली आरामात जाईल. धरायला दोन बाजूंना दोन कान आहेत आणि एका अंगाला खोल खाच आहे. ती जन्मापासूनची नव्हे. ती कशी पडली, तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

हल्ली माझा मुक्काम रुडी सेडलाक नावाच्या एका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर असतो. चुलीवरून उतरवलेलं गरम भांडं तो माझ्यावर ठेवतो. भांड्यात बहुतेक वेळा कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात असतो. टेबल जळू नये एवढीच माझ्याकडून अपेक्षा आहे आणि ती मी पुरी करतो. मित्रांनो, इथे मला काही कमी नाही. तरीही गेला महिनाभर माझ्या जिवाला स्वस्थता नाही. नदीकाठच्या कारखान्याचा भोंगा पुन्हा दिवसातून तीनदा वाजू लागला आहे. तो वाजला की खिडकीची तावदानं थरथरतात, टेबल थरथरतं आणि टेबलावर मीही थरथरतो.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, १९४२ सालचा. पूर्वेकडच्या एका हत्यारशाळेत मला कापलं, तापवलं, तेलात बुडवलं. मग जाड चष्म्याच्या एका कारागिराने मला चार दिवस आतून घासलं. तो कधी बोलत नसे. घासायचा, मोजायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायचा. पाचव्या दिवशी त्याने नाक मुरडलं नाही. मला लाकडी पेटीत घालताना त्याने आत एक चिठ्ठी ठेवली: ‘जोर लावू नये.’

कारखान्याच्या भाषेत मला रिंग गेज म्हणतात. पेनसिल्व्हेनियातल्या कोल्टन गावी तोफेचे गोळे घडवले जात. लेथ यंत्रावरून उतरलेला रिकामा गोळा मेजावर उभा करायचा, चिंधीने पुसायचा आणि मला त्याच्या टोकावरून खाली सोडायचं. मी माझ्या वजनाने अलगद खाली गेलो, तर गोळा चांगला. अडकलो, तर गोळा जाड, त्याला परत लेथवर पाठवायचं. जाड गोळा तोफेच्या नळीत अडकतो आणि कधीकधी तिथेच फुटतो. तेव्हा तोफेभोवती उभी असलेली पोरं वाचत नाहीत. म्हणून माझा शब्द तिथे शेवटचा होता. फोरमनसुद्धा माझ्याशी वाद घालत नसे. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करतो.

युद्ध संपलं त्या दिवशी कोल्टनमध्ये तिन्ही चर्चच्या घंटा वाजल्या. भट्टीवरच्या माणसांनी टोप्या उडवल्या, बायका मेजांवर चढून नाचल्या. तिसऱ्या आठवड्यात मला ग्रीस फासून पेटीत घातलं आणि मापखोलीतल्या फळीवर ठेवून दिलं. मापखोली सांभाळायचा एमिल ड्रॉस्टे. त्याला स्वतःशी बोलायची खोड होती, म्हणून मला पेटीतही गावाची खबर लागे. कारखाना आता पाण्याचे नळ बनवतो. नळांना गिऱ्हाईक नाही. अमक्याने घर विकायला काढलं, तमका बायकापोरं घेऊन डेट्रॉइटला गेला. शांतता आली खरी, पण आमच्या गावात तिला बसायला कुणी खुर्ची दिली नाही. पाच वर्षांनी एका सकाळी पेटी उघडली. एमिल माझं ग्रीस पुसत म्हणाला, “ऊठ गड्या. कोरियात पेटलंय. पोटापाण्याची सोय झाली आपल्या.”

रविवारी चर्चमध्ये ही माणसं गुडघे टेकून शांततेसाठी प्रार्थना करत. सोमवारी कारखान्याच्या फाटकापाशी विचारत, “नवीन ऑर्डर आली का?” मी त्यांना हसत नाही. मी तरी कुठे वेगळा होतो? युद्ध असलं की मी मेजावर, नसलं की पेटीत. साऱ्या जगात आमच्या देशाचा दरारा होता. कुठल्या कुठल्या समुद्रांवर त्याची जहाजं, कुठल्या कुठल्या बेटांवर त्याच्या छावण्या. पण त्या दराऱ्याची एक दोरी आमच्या गावातल्या चुलींना बांधलेली होती. तिकडे ओढ बसली की इकडे चूल पेटायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

आता ऑल्गाबद्दल सांगतो. ऑल्गा सेडलाक म्हणजे रुडीची आई. एकोणीस वर्षांची असताना ती तपासणीच्या मेजावर आली आणि तिच्या हातात मी पडलो. रुंद हाताची, फटकळ तोंडाची, मनाने मऊ. मला खाली सोडताना तिची बोटं माझ्या कानांना जेमतेम लागलेली असत. गोळा पास झाला की ती त्यावर आपल्या नंबराचा ठसा हातोडीने ठोकायची: एकतीस. पोलादात ठोकलेला तो आकडा रंगाखालीही राहतो. तिचा नवरा श्टेफान त्याच कारखान्यात भट्टीवर होता. आणि १९६८ साली त्यांचा एकुलता एक पोरगा, हा माझा आजचा म्हातारा, व्हिएतनाममध्ये तोफेवर होता.

ज्यांची पोरं तिकडे होती, त्या बायकांनी एक रीत पाडली होती. पाळीचा पहिला गोळा पास झाला की त्यावर खडूने आपल्या पोराचं नाव लिहायचं. रंगखात्यात ते धुतलं जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी लिहायचं. नाव लिहिलेला गोळा पोराच्या पाठीशी उभा राहतो, अशी त्यांची समजूत होती. ऑल्गा ‘रुडी’ लिहायची आणि हातोडी उचलण्याआधी छातीवर क्रूस करायची.

मेजापाशी आणखी एक पात्र होतं. पंधरा वर्षांपूर्वी मी अडवलेला एक गोळा. केस उभा चिरला तर त्याची जी फाक होईल, तेवढाच तो मापापेक्षा जाड होता. परत पाठवायचा राहून गेला आणि बायकांनी दार उघडं ठेवायला त्याला दारापाशी उभा केला. गावच्या महापौरांचं पोट सुटलेलं होतं आणि तेही दारात उभे राहून लोकांना अडवत, म्हणून गोळ्याचं नाव पडलं महापौर. मन झालं की कुणीतरी मला त्याच्यावर ठेवून बघे. मी अडकायचो आणि सगळ्या हसायच्या. “साहेब, थोडं जेवण कमी करा!”

आता हरणांचा सोमवार. आमच्याकडे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, कारखाना बंद, न्हाव्याचं दुकानही बंद. अख्खं गाव बंदुका घेऊन डोंगरावर असतं. राष्ट्राध्यक्ष स्वतः आले असते, तरी त्या दिवशी त्यांना कोल्टनमध्ये कुत्रंसुद्धा भेटलं नसतं. पण त्या वर्षी मागणी अफाट होती. फोरमन ग्विलिम प्राइसने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, “सोमवारचा माल आधीच्या आठवड्यात काढून द्या आणि खुशाल जा हरणांमागे. नाही तर कुणाला सुट्टी नाही.”

मग काय विचारता! तीन पाळ्यांत माणसं वेड्यासारखी काम करू लागली. मेजावर गोळ्यांची रीघ लागली. ऑल्गा सुरुवातीला प्रत्येक गोळा चिंधीने पुसत होती. मग दोनाआड एक. मग तिने चिंधी खांद्यावर टाकली आणि ती तिथेच राहिली. गोळ्यांवर लेथमधली पोलादाची बारीक कणी असते, डोळ्याला न दिसणारी. ती प्रत्येक वेळी मला आतून खरवडत होती. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त झिजू शकतो.

मी झिजतो, हे कारखान्यालाही माहीत होतं. म्हणूनच दर सोमवारी सकाळी एमिल मला मापखोलीत नेऊन एका पक्क्या मापावर मी घट्ट बसतो का ते बघे आणि माझ्या कार्डावर सही करी. त्या सोमवारी मला कुणी नेलं नाही. तरीही मंगळवारी सकाळी कार्डावर सही होती.

गुरुवारी ऑल्गाला यायला उशीर झाला. बर्फात त्यांची गाडी चालू होत नव्हती. शेजारच्या मेजावरची डॉट तिची जिवाभावाची मैत्रीण. तिने पहिला गोळा उभा करून ठेवला आणि मैत्रिणीचा वेळ वाचावा म्हणून खडूने नावही लिहून टाकलं. मी खाली उतरण्याआधीच. ऑल्गा धावत आली, कोट न काढताच तिने मला सोडलं. मी सरसर खाली गेलो. ती वर उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

“डॉट, हे नाव आत्ता लिहिलंस की आधी?”

“आधी. का गं?”

“मग हे पुसलं कसं नाही?”

डॉटने मान पुढे काढली. रुडीचं नाव जसंच्या तसं होतं, एक रेघही फिसकटलेली नव्हती. मी चांगला होतो तेव्हा गोळ्यावरचा अंगठ्याचा तेलकट ठसाही पुसून न्यायचो.

“असेल गोळा जरा बारीक,” डॉट म्हणाली.

मला उचलून ऑल्गा दारापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि मला महापौराच्या डोक्यावर ठेवून तिने हात सोडले.

मी खाली गेलो. अडखळलोही नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला जिवापाड अडकायचं होतं आणि मला अडकता आलं नाही. तळाशी जाऊन मी ठण्णकन आपटलो. मागे कुणीतरी सवयीने हसायला सुरुवात केली आणि मधेच गप्प झालं.

ऑल्गाने मला जेवणाच्या डब्यात घातलं, सॉसेजच्या पुडीशेजारी, आणि तडक मापखोली गाठली. एमिल स्टुलावर बसून कॉफी पीत होता. पासष्टीला आलेला, निवृत्तीला पाच महिने उरलेले.

“एमिल, जरा हे बसवून बघता का?”

“ये ये. हरणाचं मांस पाठवतो हो तुला. आठ फाट्यांच्या शिंगांचा नर मिळाला!”

“आधी हे बघा.”

त्याने मला पक्क्या मापावर ठेवलं. मी लगेच निसटलो आणि फळीवर गडगडलो. एमिलने पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

“सोमवारी बघितलं होतंत ना? कार्डावर तुमची सही आहे.”

“सही शुक्रवारी केली,” तो हळूच म्हणाला. “दरवर्षी करतो. हरणांच्या सोमवारी इथे असतं कोण? तू होतीस?”

“मी पण डोंगरावरच होते.”

“तीस वर्षं करतोय, ऑल्गा. कधी काही झालं नाही. एका आठवड्यात एवढं झिजत नाही गं हे.”

“चिंधी न लावता काम केलं, तर झिजतं,” ऑल्गा म्हणाली. “चिंधी मी सोडली, एमिल. तुम्ही नाही.”

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मला कुठे लपावं कळेना.

त्या दिवसांतला माल मालगाडीच्या पाच वाघिणींत भरला होता. चार वाघिणी कारखान्याच्या रुळांवर बर्फात उभ्या होत्या. त्यांना न्यायला तीन वाजता इंजिन येणार होतं. पाचवी सोमवारीच गेली होती. रेल्वेवाले हरणं मारायला जात नाहीत.

ऑल्गाने ग्विलिमला गाठलं. दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर शिकलेली, त्यामुळे फोरमन असला तरी ती त्याला कधी साहेब म्हणायची नाही.

“ग्विल, त्या चार वाघिणी थांबव. परत मोजायला हव्यात.”

ग्विलिमने सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “नवीन कडं काढून घे,” तो म्हणाला. “आजपासून नव्याने सुरू कर. झालं ते झालं.”

“आणि वाघिणी?”

“वाघिणी तू बघितल्याच नाहीस.”

“सगळ्यांवर माझा एकतीस आहे, ग्विल.”

“ऑल्गा, ऐक माझं. तिकडे पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या तहासाठी टेबलाभोवती बसलेत ते. उद्या तह झाला, तर तुझी-माझी सुट्टीच. त्यात आज सरकारला कळलं की कोल्टनचा माल फसला, तर ऑर्डर सरळ ओहायोला जाईल. मग तुझा श्टेफान काय करणार? नळ विकणार दारोदार? आणि तो एमिल? पाच महिने राहिलेत म्हाताऱ्याचे.”

“माझा रुडी तोफेवर आहे.”

“म्हणूनच सांगतोय ना! त्याला गोळे लागतात. तू माल अडवलास तर तो तिथे रिकाम्या हाताने बसेल. चालेल तुला?”

मला डब्यासकट काखेत घेऊन ऑल्गा मागे फिरली. ती मेजापाशी आली, बसली, उठली, पुन्हा बसली. जेवणाचा भोंगा झाला, तिने डबा उघडला नाही. एकदा तिने नव्या कड्याच्या पेटीकडे हात नेला आणि मागे घेतला. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. दोन वाजता ती उठली आणि म्हणाली, “डॉट, ढकलगाडी आण. महापौरांना फिरायला न्यायचंय.”

“कुठे?”

“सरकारी साहेबाकडे.”

“अगं बाई, नोकरी जाईल आपली!”

“तू नुसती ढकल. बोलेन मी.”

दोघींनी महापौराला गाडीवर चढवलं आणि अख्खं आवार ओलांडून पुढच्या कचेरीत नेलं. बर्फात चाकं रुतत होती. भट्टीवरची माणसं दारात येऊन बघत होती आणि त्यांत श्टेफानही होता. त्याने अडवलं नाही. टोपी काढून हातात धरली, एवढंच.

सरकारने नेमलेला तपासनीस टॉलिव्हर हा इस्त्रीच्या शर्टातला, हळू बोलणारा गृहस्थ. त्याच्या गालिच्यावर ओल्या चाकांचे पट्टे उमटले.

“हे काय आहे, बाई?”

“हे आमचे महापौर,” ऑल्गा म्हणाली. “पंधरा वर्षं दारात उभे आहेत, कारण या कड्यातून ते जात नाहीत. आता बघा.”

तिने मला डब्यातून काढलं. माझ्या अंगाला सॉसेजचा वास लागला होता. तिने मला महापौरावर ठेवलं आणि मी खाली गेलो. टॉलिव्हरने मला स्वतः उचलून पुन्हा सोडून बघितलं. मग त्याने विचारलं, “कुणामुळे झालं?”

“माझ्यामुळे,” ऑल्गा म्हणाली. “मी चिंधी लावली नाही.”

एमिलचं नाव तिने घेतलं नाही. पण कार्डावर सही होती आणि टॉलिव्हरला वाचता येत होतं. त्याने फोन उचलला.

तीनचं इंजिन रिकामं परतलं. चारही वाघिणी उतरवल्या आणि नव्या कड्याने तीन दिवस मोजल्या. चाळीसेक गोळे जाड निघाले. पाचव्या वाघिणीमागे तार गेली. गोळ्यांत दारू भरतात त्या गावाहून उत्तर आलं की तो माल दुसऱ्या मालात मिसळला गेला आहे, शोध चालू आहे. त्यानंतर काहीच कळलं नाही. शोध लागला की नाही, मला आजही ठाऊक नाही.

जानेवारीत तिसरी पाळी बंद झाली. ती ऑल्गामुळे झाली की आणखी कशाने, देव जाणे. गावाने मात्र ठरवून टाकलं. अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये दर आठवड्याला हाउजीचा खेळ असे. तिथे ऑल्गाच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. एका सकाळी तिच्या मेजावर खडूने लिहिलेलं होतं: ‘घरभेदी’. तिने ते चिंधीने पुसलं आणि पहिला गोळा उभा केला. डॉट तेवढी शेवटपर्यंत तिच्याजवळ बसली.

एमिलला मुदतीआधी घरी बसवलं. जाण्याच्या दिवशी त्याने मला चिमट्यात धरलं आणि धार लावायच्या फिरत्या चाकाने माझ्या अंगावर ही खाच पाडली. बाद झालेलं माप पुन्हा चुकून कामाला लागू नये म्हणून तसं करतात. मग मला कागदात गुंडाळून त्याने ऑल्गाच्या हातात दिलं.

“माझ्यावर राग नाही ना, एमिल?”

“आहे,” तो म्हणाला. “पण मांस पाठवलंय, ते खा.”

असा मी या घरात आलो. आणि मग सुरू झालं वाट बघणं. सगळ्यात वाईट ते दिवस. ऑल्गा घरात असली की टपालवाल्याची चाहूल लागताच हातातलं टाकून दाराशी जायची. कधी कपडे इस्त्री करताना मधेच थांबायची आणि कपडा करपायचा. रुडीचं पत्र आलं की आधी तारीख बघायची. पत्रात पावसाचं असे, चिखलाचं असे, डब्यातल्या पीचचं असे. पाचव्या वाघिणीतले गोळे कधी जहाजावर चढले असतील, कधी उतरले असतील, कुठल्या तोफेपाशी रचले असतील, याचा हिशेब ती बोटांवर मांडायची आणि मधेच मोडायची. श्टेफान म्हणे, “अगं, बस जरा.” ती बसायची आणि लगेच उठायची. मीही टेबलावर पडल्या पडल्या तेच करत होतो, फक्त मला उठता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये रुडी परत आला. धडधाकट, उन्हाने रापलेला, गालफडं बसलेला. ऑल्गाने सकाळपासून कोबीची पानं उकडली. भांडं माझ्यावर ठेवलं, तिघं बसली, प्रार्थना झाली. आठ महिने तिने पोटात ठेवलेला प्रश्न तिला पहिला घास घेईपर्यंतही दम धरू देईना.

“रुडी, तुमच्याकडे आमचे गोळे यायचे का रे?”

“यायचे कधीकधी. मी बोट लावून बघायचो. एकतीस दिसला की पोरांना सांगायचो, ही बघा, माझी आई आली.”

“मग त्यातला एखादा... नळीत कधी अडकला?”

“नाही, आई.”

“एकही नाही?”

“एकही नाही. जिथे टाकायला सांगत, तिथेच पडायचे. नेमके.”

ऑल्गाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. “सुटले रे देवा,” ती म्हणाली, “सुटले!” श्टेफानने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तर भांड्याच्या ओझ्याखाली नाचायचाच राहिलो. पाचवी वाघीण, महापौर, खडूचं नाव, सगळं त्या क्षणी माझ्या अंगावरून उतरलं.

मग तिने वाढायला पळी उचलली आणि रुडीच्या ताटाकडे बघितलं. त्याने काही खाल्लं नव्हतं.

“काय रे? खारट झालं?”

“नाही.” तो भांड्याकडे बघत होता. “आम्हाला दिसायचं नाही, आई, कुठे पडतात ते. वरून आकडे सांगायचे, आम्ही उडवायचो. सात मैल, आठ मैल. मग एकदा आमचा ट्रक आम्ही गोळे टाकलेल्या गावातून गेला. एका घराची पुढची भिंत पडली होती. आत स्वयंपाकघर होतं. चुलीवर भांडं तसंच होतं, झाकण ठेवलेलं.”

पळी ऑल्गाच्या हातातच राहिली. तिने विचारलं, “एकतीस होता का तो?”

“तुकड्यांवर नंबर राहत नाही, आई.”

कुणी जेवलं नाही. श्टेफान उठून अंगणात गेला. ऑल्गाने दोन्ही हातांनी गरम भांडं उचलून बाजूला ठेवलं, चटका बसला तरी. तिने खुंटीवरची चिंधी घेतली आणि मला आतून पुसायला लागली. गोल गोल, पुन्हा पुन्हा. माझ्यावर काहीही नव्हतं. तरी ती पुसत राहिली.

ऑल्गा, श्टेफान, डॉट, एमिल, सगळी आता डोंगराखालच्या दफनभूमीत आहेत. मधे कारखाना किती वेळा झोपला आणि किती वेळा जागा झाला, त्याची गिनती मी सोडली. आता पुन्हा दूर कुठेतरी पेटलं आहे आणि फाटकावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी लागली आहे. गेल्या आठवड्यात शेजारची मॅरिबेल ॲपल पायची थाळी घेऊन धावत आली.

“रुडीकाका, मला घेतलं! तपासणीच्या मेजावर!”

रुडीने तिचं अभिनंदन केलं, कॉफी ओतली. ती बिचारी दोन वर्षं कामाच्या शोधात होती. तिचा आनंद खोटा नव्हता. रुडीने मला तिच्यापुढे सरकवलं.

“हरणांच्या सोमवारी अजून सुट्टी असते का गं तिथे?”

“असणारच की!”

“मग शुक्रवारी कुणाला कार्डावर सही करू देऊ नकोस. आणि चिंधी खांद्यावर टाकू नकोस.”

ती हसली, “बरं” म्हणाली. रुडीने आणखी काही सांगायला तोंड उघडलं. तिच्याकडे बघितलं, थाळीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

त्याने जे सांगितलं नाही, ते मी तुम्हाला सांगतो, मित्रांनो. माझ्यासारख्या मापांना जपा. पुसा, वेळच्या वेळी तपासा, न बघता सही करू नका. पण मला घासणाऱ्या त्या चष्मेवाल्या कारागिराने मला एकच प्रश्न शिकवला होता: गोळा तोफेतून जाईल का? तोफेतून गेल्यावर तो कुठे जाईल, हा प्रश्न ना त्याने मला शिकवला, ना कोल्टनमध्ये कुणी मला विचारला. तुम्हाला कधी कुणी मेजावर बसवलं आणि हातात माप दिलं, तर तो प्रश्न तुम्ही विचारा. मी विचारू शकलो नाही. आता भोंगा वाजतो, मी थरथरतो, माझ्यावरचं भांडं थरथरतं आणि रुडी हात पुढे करून त्याचं झाकण धरून ठेवतो.